पियासीलीचं कडुपुल

“पाच, सहा, सात. सातच्या सात टपोऱ्या!” रत्नायक महत्तयांनी छत्रीच्या टोकानं शेवटची कळी मोजली. “रेदी नॅन्दे, यंदा नशीब काढलंस बघ.”

“छत्री लावू नका. कळी गळते,” पियासीली म्हणाली.

तिचे हात कोपरापर्यंत निळीत होते. उद्या पोसोनची पौर्णिमा, लंकेत बुद्धाचा धम्म आला तो दिवस, म्हणजे सगळं गाव पांढऱ्यात. अंगणभर दोऱ्या बांधून त्यांवर गावाचे सदरे, सारोंग, ओसरिया साड्या वाळत घातलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या मधोमध फणसाच्या झाडाला टेकून ते कडुपुल उभं होतं. बिनकाट्यांचा निवडुंग, लांब चपट्या पानांचा, वर्षभर बघावंसं न वाटणारा. पानांच्या कडेला लोंबणाऱ्या कळ्यांनी आता माना वर उचलल्या होत्या. मान वर आली की दुसऱ्या रात्री फूल, हे तिला पाठ होतं.

“उद्या रात्री दहा वाजता आम्ही वाजतगाजत येतो,” रत्नायक म्हणाले. “आमच्या अम्मांच्या नावानं विहारात बांधलेल्या ओट्यावर पहिलं फूल कुठलं, तर कडुपुल! गाव तोंडात बोट घालेल. तू तेवढ्या पायघड्या कडक खळ देऊन ठेव.”

“महत्तया, एक सांगायचं होतं.”

“बोल की.”

“फुलं देते. सहा तुमची. पण एक मी वाहीन, माझ्या हातानं. आणि माइकवर गेलेल्यांना पुण्य देताना आमच्या माणसाचं नाव घ्यायचं.”

रत्नायक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मुलानं मोटार मागितल्यावर मोठी माणसं हसतात तसं हसले आणि म्हणाले, “बघू उद्या.”

रत्नायक महत्तया म्हणजे गावाचे साहेब. त्यांचं ‘बघू’ गावाला चांगलं माहीत होतं. लोखंडी सामानाचं दुकान, विहाराच्या दात्यांच्या मंडळाचं अध्यक्षपद आणि हा एक शब्द, यांवर त्यांनी वीस वर्षं गाव चालवलं होतं. त्या शब्दातून आजवर कधी काही निघालेलं नव्हतं.

रेदी नॅन्दा म्हणजे कपड्यांची आत्या. पियासीलीला पल्लेवत्ते गावात याच नावानं हाक मारत. तिच्या सासूलाही याच नावानं मारत आणि सासूच्या सासूलाही. धुणं धुणाऱ्या घरातल्या बाईला गाव आत्या म्हणतं, पण आत्याला ओसरीवर खुर्ची काही देत नाही. मुलगी वयात आली की पहिल्या आंघोळीनंतरचं पांढरं वस्त्र आत्यानं आणायचं. लग्नाच्या पाटावर पांढरा कपडा आत्यानं घालायचा. माणूस गेलं की खोलीला पांढरं छत आत्यानंच बांधायचं. आणि विहारातून मिरवणूक निघाली की पुढे पायघड्या अंथरत आत्यानंच चालायचं. अंथरायच्या, लोक तुडवून पुढे गेले की मागून गोळा करायच्या, पुन्हा धावत पुढे. एकसष्ट वर्षांची झाली तरी तिची धाव चुकली नव्हती. लेक निल्मिनी कापडाच्या कारखान्यात शहरात कामाला होती. ती सणाला आली की म्हणायची, “अम्मे, आता पुरे गं.” पियासीली म्हणायची, “पुरे म्हटलं तर माझ्या हातांनी करायचं काय?”

कडुपुल आणलं तिच्या नवऱ्यानं. वरच्या चहामळ्यातल्या बंगल्यावर तो आठवड्याला पडदे पोचवायला जात असे. तिथल्या माळ्याकडून त्यानं एक पान मागून घेतलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून सहा मैल चालत आणलं. भट्टीचं फुटकं पिंप होतं, त्यात लावलं. सहा वर्षं त्या पानानं नुसती पानं दिली. ती म्हणायची, “उपटून टाका, जागा अडते.” तो म्हणायचा, “थांब गं. घाई काय आहे?”

सातव्या वर्षी फूल आलं. त्यानं तिला हाक मारून बाहेर बोलावलं. पांढरंशुभ्र, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढं. तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता, चुकून हात लागेल म्हणून.

“पियासीली,” तो म्हणाला, “जवळून वास कसा असेल गं याचा?”

“तोंड सांभाळा!” ती त्याच्यावर ओरडली होती. “बुद्धाला वाहायचं फूल हुंगतात का कधी?”

वाऱ्यावर येतो त्या वासाला कुणाचाच इलाज नसतो. पण नाक नेऊन हुंगलेलं फूल उष्टं. ते वाहता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो हसला आणि एक पाऊल मागे सरला. त्यानंतर एकवीस वर्षं फुलं येत राहिली आणि तो तसाच हात पाठीमागे धरून बघत राहिला. दोन वर्षांपूर्वी पावसात भिजल्याचं निमित्त झालं, छाती भरली आणि आठ दिवसांत गेला. त्याच्या खोलीला पांढरं छत कोण बांधणार? तिनंच बांधलं.

त्या वर्षी एकच फूल आलं. ते घेऊन ती स्वतः विहारात गेली, रांगेत उभी राहिली. तिची रांग कुठली हे सांगायला लागत नाही. आधी दात्यांचं मंडळ, मग शिक्षक, मग दुकानदार, मग शेतीवाडीवाले. तिची पाळी येईपर्यंत पहाट झाली आणि फुलानं तिच्या हातातच मान टाकली. मिटलेलं फूल घेऊन ती परत आली. पुढल्या वर्षी रत्नायक म्हणाले, “माझ्याकडे दे, वेळेत वाहतो.” तिनं पाच फुलं दिली. माइकवर रत्नायकांच्या वडिलांचं नाव झालं, आईचं झालं, दोन काकांचं झालं, लंडनमध्ये वारलेल्या मेव्हण्याचंसुद्धा झालं. ती चपलांच्या ढिगापाशी पायघड्यांची घडी घालत शेवटपर्यंत ऐकत राहिली. ज्याचं फूल, त्याचं नाव काही आलं नाही.

“घरात मूर्ती आहे की तुझ्या. तिला वाहा आणि मोकळी हो,” रत्नायक गेल्यावर शेजारची कारलीना आच्ची म्हणाली. आच्ची म्हणजे आजी; ऐंशीच्या घरातली, दात एक नाही, पण विड्याचं पान खलबत्त्यात कुटून खाणं सुटलं नव्हतं. “त्या रत्नायकाच्या नादी कशाला लागतेस?”

“घरात रोज वाहते, आच्ची. पण विहाराचे पडदे, आसनं, छत्र्यांची कापडं त्यानं तीस वर्षं धुतली. एका पैशाची अपेक्षा केली नाही. गेल्यावर एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर कुणी त्याचं नाव घ्यावं. एवढं जास्त झालं का?”

आच्चीनं खलबत्ता थांबवला. “जास्त नाही गं. पण मागून मिळणार नाही.”

त्या दिवशी दुपारी पियासीली विहारात जाऊन आली. तिथले मोठे हामुदुरुवो, म्हणजे मुख्य भिक्खू, चांगले होते, म्हातारे होते आणि भांडणाला घाबरणारे होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटून म्हणाले, “पियासीली, पूजा मनानं होते. तू मनात नाव घेतलंस की पुण्य पोचलं.”

“मग मनातलं मनात ठेवायचं सोडून बाकीच्यांची नावं माइकवर कशाला, हामुदुरुवने?”

म्हाताऱ्या भिक्खूंनी डोळे उघडले. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं होतं, पण ते तिथंच राहिलं. “मंडळाचं काम मंडळ बघतं,” ते म्हणाले आणि पंख्यानं वारा घेऊ लागले.

पौर्णिमेच्या दिवशी ती पहाटेपासून इस्त्रीपाशी उभी होती. करवंट्यांचे निखारे इस्त्रीत भरायचे, राख फुंकायची, केळीच्या पानावर इस्त्री फिरवून बघायची आणि मग कपड्यावर. रत्नायकांच्या सदऱ्याला तिनं नेहमीपेक्षा जास्त खळ दिली. कामात तिनं कधी राग आणला नव्हता, आजही आणला नाही. दुपारपर्यंत गाठोडी घरोघरी गेली. मग तिनं विहिरीवर आंघोळ केली, स्वतःची पांढरी ओसरिया साडी नेसली आणि पायघड्यांची गुंडाळी दाराशी आणून ठेवली.

दिवे लागले तसं अंगण भरू लागलं. कडुपुल उमलतं तेव्हा नागलोकातून नाग येतात आणि ते फूल बुद्धाला वाहतात, म्हणून लोक चटया घेऊन बघायला बसतात. तिच्या लक्षात आलं, अंगणात बसलेल्या एकूण एक माणसाच्या अंगावर तिच्या हातची इस्त्री होती. कुणाच्या कॉलरला कुठला डाग होता आणि तो कसा काढला, हे तिला आठवत होतं. त्यातल्या एकाच्याही घरात ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. याचं तिला आजवर काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलेलं तिनं निळीत बुडवून टाकलं होतं. आज ते वर येत होतं.

पहिली कळी थरथरली. मग बाहेरच्या तांबूस पाकळ्या एकेक करून मागे सरकल्या आणि आतलं पांढरं दिसू लागलं. “साधु, साधु, साधु,” माणसं म्हणाली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. सातही फुलं उघडली तेव्हा बायकांनी लहान मुलांची डोकी मागे ओढून धरली, कुणी चुकून नाक पुढे नेऊ नये म्हणून.

“नाग काही दिसत नाहीत बाई,” कारलीना आच्ची चटईवरून म्हणाली. तेवढ्यात वाटेवर ढोल वाजले. “आला. नागांच्या आधी रत्नायक आला.”

दोन ढोलवाले, एक सनईवाला, पितळी तबकावर पांढरं फडकं, आणि गळ्यात पेटी अडकवलेला माइकवाला. रत्नायक महत्तया छत्राखाली होते. तबक त्यांनी स्वतः धरलं होतं. अंगणाच्या कडेला, जिथं धुण्याचं पाणी मुरून चिखल झालेला असतो, तिथं ते थांबले.

“रेदी नॅन्दे, पायघड्या?”

“आहेत,” पियासीली दारातून म्हणाली.

“मग अंथर की. मुहूर्त निघून जाईल.”

ती पायऱ्या उतरून आली. हात जोडले. आवाज शांत ठेवला. “अंथरते, महत्तया. विहारात पोचलं की पहिलं एक फूल मी घेते, ओट्यावर ठेवते आणि आमच्या माणसाचं नाव घेतलं जातं. एवढं आत्ता, सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणा.”

ढोल थांबले. माइकवाल्यानं तोंडासमोरून माइक खाली घेतला. रत्नायकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा तेच कालचं हसले.

“अगं, कामं वाटून दिलेली असतात. तुझं काम पायघड्यांचं, तुझ्याशिवाय ते कोण करणार? फुलं आमच्याकडे दे. आणि नावाचं म्हणशील तर...” त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “यादी मोठी आहे. शेवटी वेळ उरला तर घेऊ.”

वेळ उरला तर. पियासीलीनं ते शब्द ऐकले आणि तिला त्या माणसाचा राग आला नाही, स्वतःचा आला. एकवीस वर्षं एक माणूस हात पाठीमागे धरून या फुलासमोर उभा राहिला. त्याला तिनं झिडकारलं होतं, कुणासाठी? यांच्या उरलेल्या वेळासाठी?

ती वळली. फणसापाशी गेली. सगळ्यांत खालचं, सगळ्यांत मोठं फूल दोन्ही हातांत धरलं आणि त्यात नाक खुपसून छाती भरून वास घेतला.

अंगणात कुणीतरी किंचाळलं. एका बाईनं पोराचे डोळे झाकले.

“वेडी झालीस?” रत्नायक ओरडले. “बुद्धाचं फूल! अगं, उष्टं केलंस ते!”

“हो,” पियासीली म्हणाली आणि दुसऱ्या फुलाकडे गेली. ते हुंगलं. तिसरं हुंगलं. ती घाई करत नव्हती. प्रत्येक फुलापाशी थांबत होती, डोळे मिटत होती आणि श्वास सोडायला वेळ लावत होती. चौथ्या फुलाशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. रत्नायकांनी चिखलातून दोन पावलं पुढे टाकली, कुणीतरी अडवेल अशा आशेनं मागे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. ढोलवाल्यांपैकी एकजण तर खाली मान घालून हसू दाबत होता. सातवं फूल सगळ्यांत उंचावर होतं. ती टाचा उंचावून, फांदी खाली ओढून तिथवर पोचली.

“झालं,” ती म्हणाली. “आता न्या हवी तर.”

“पाप लागेल! याचं पाप लागेल तुला!”

“लागू दे. ते माझ्या नावावर सांगा, माइकवर सांगा. तेवढ्यापुरतं तरी माझं नाव येईल.”

रत्नायकांनी रिकामं तबक पुढे केलं. “आणि तो ओटा? पहिल्या दिवशी रिकामा ठेवायचा का अम्मांचा ओटा?”

“रिकामा कशाला?” कारलीना आच्चीनं चटईवरूनच सुचवलं. “विहाराच्या दारात चाफ्याचा सडा पडलाय. तोही पांढराच असतो, महत्तया. वाकायला मात्र लागेल.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग दाबलेलं हसू अंगणभर झालं. रत्नायक वळले. पायघड्यांशिवायच वळले. चिखलात त्यांची चप्पल रुतली आणि कडक खळीच्या पांढऱ्या सारोंगाला गुडघ्यापर्यंत शिंतोडे उडाले. ते डाग कसे जातात हे गावात एकाच बाईला माहीत होतं.

मिरवणूक दिसेनाशी झाली तरी अर्धी माणसं बसूनच होती. उरलेली विहाराकडे गेली, काही घाबरून, काही चिडून. एक मास्तरीणबाई जाताना म्हणाली, “रेदी नॅन्दे, असं करायला नको होतं तू.” पियासीली म्हणाली, “हो बाई, नकोच होतं करायला लागायला.” तेवढंच. हातून काय गेलं ते तिला नीट कळत होतं. एक फूल वाहायचं, एक नाव ऐकायचं, एवढ्यासाठी तिनं वर्षभर या झाडाला पाणी घातलं होतं. ते फूल आता तीही वाहू शकत नव्हती.

कारलीना आच्ची चटईवरून हात टेकत उठली आणि फुलापाशी आली.

“उष्टं झालंच आहे ना?”

“झालंय, आच्ची.”

“मग मला पण घेऊ दे.” म्हातारीनं फुलात तोंड घातलं ते बराच वेळ काढलं नाही. वर आली तेव्हा नाकाला पिवळे परागकण लागले होते. “अगं माझ्या आई! ऐंशी वर्षं हे एकट्या बुद्धानंच घेतलं होय!” मग स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून तिनं विहाराच्या दिशेनं हात जोडले.

मग एकेक बाई उठली. आधी लाजत, मग रांग मोडून. कुणी हळूच हुंगलं, कुणी पोरांना उचलून धरलं. ढोलवाल्यांतला एक परत आला होता, त्यानंही हुंगलं. एवढी माणसं तिच्या अंगणात आपणहून तिची वस्तू मागायला पहिल्यांदाच उभी होती.

सगळे गेल्यावर पियासीलीनं पायघड्यांची गुंडाळी उचलली. दाराच्या उंबऱ्यापासून फणसाखालच्या लाकडी बाकापर्यंत ती तिनं अंथरली, नेहमीच्या सवयीनं सुरकुती न पाडता. त्या बाकावर तिचा माणूस संध्याकाळी बसायचा. तिनं सातही फुलं कापली आणि ओळीनं त्या पांढऱ्या कापडावर ठेवली. ही पूजा नव्हती, हे तिला ठाऊक होतं. ती बाकाच्या कडेला बसली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. तशी रीतच नव्हती.

“गुणपाल,” ती मोठ्यानं म्हणाली. आवाज अंगणाबाहेर वाटेपर्यंत गेला असेल. “तुम्ही विचारलं होतंत ना? ताज्या नारळाच्या दुधात थोडं लिंबाचं पान चुरगळावं, तसा आहे. पण त्याहून बराच चांगला. मला नीट सांगता येत नाही. तेव्हाच घ्यायला पाहिजे होता तुम्ही. माझं ऐकायला नको होतं.”

सकाळी फुलं कापडावर ओल्या रुमालांसारखी पडून होती. तिनं ती उचलून कडुपुलाच्याच बुंध्याशी घातली. कापडावर सात ठिकाणी फिकट पिवळे डाग पडले होते. ती कापड घेऊन ओढ्यावर गेली, धोंड्यावर दोनदा आपटलं, साबण लावायला घेतला आणि हात थांबवला. हे डाग लिंबानं आणि उन्हानं जातात. तिनं लिंबू आणलंच नव्हतं. नुसतं पिळून ती परत आली.

दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी रत्नायकांचं गाठोडं यायचं. त्या दिवशी ते आलं नाही. मास्तरीणबाईंचंही आलं नाही. बाकीची थोडी उशिरानं का होईना, आली.

दुसऱ्यांचे डागाळलेले कपडे वाळत घालताना ती नेहमी डागाची बाजू आत, घराकडे करत असे. गावात कुणाची लाज जायला नको म्हणून सासूनं लावलेली सवय. पायघड्यांचं कापड तिनं वाटेकडच्या दोरीवर टाकलं, लांबच्या लांब, डागांची बाजू बाहेर.

वाटेनं पाणी घेऊन जाणारी एक बाई थांबली. “रेदी नॅन्दे, डाग राहिलेत गं.”

“माहीत आहे,” पियासीली म्हणाली. कापड वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि भट्टी पेटवायला गेली.